पक्षी नोंदला गेला नाही, म्हणजे तो नाहीच का?

पक्षी सर्वेक्षण म्हणजे जंगलातला प्रत्येक पक्षी मोजणे, आणि यादीत ज्याचे नाव नाही तो तिथे नाहीच, असा समज आढळतो. प्रत्यक्षात सर्वेक्षणात नमुना घेतला जातो. त्याची एक रीत म्हणजे बिंदुगणना (एका जागी ठरावीक मिनिटे थांबून दिसलेल्या व ऐकू आलेल्या पक्ष्यांची नोंद).

कुरुंद्याचा शेतकरी वसमतच्या बाजारात हळद नेतो, तेव्हा व्यापारी सगळी पोती रिकामी करत नाही; वेगवेगळ्या पोत्यांतून मूठभर हळकुंडे काढून पाहतो. एकाच पोत्यावरून भाव ठरवला तर फसगत होऊ शकते. सर्वेक्षणातही म्हणूनच अनेक जागा, वेळा आणि ऋतू निवडतात.

दाट डोंगरी जंगलात बरेच पक्षी नुसते ऐकू येतात. गप्प बसलेला पक्षी निसटतो. त्यामुळे अभ्यासक आढळ-संभाव्यता (हजर असलेला पक्षी नोंदला जाण्याची शक्यता) हिशेबात धरतात.

सातपुड्यातला रानपिंगळा हे याचे ठळक उदाहरण. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असावा, असे मानले जाई. शोधासाठी आधार धरलेली १९१४ ची एक नोंद बनावट ठरल्यावर पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांनी शोधाच्या जागा बदलल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटातही आढळला.

म्हणून पक्ष्यांची यादी वाचताना किती जागी, केव्हा आणि किती वेळ पाहिले, हेही पाहावे. पुरेशा शोधानंतरच ‘पक्षी नाही’ या अंदाजाला बळ येते.