विल्यम मार्शल: पाच मुलगे, तरी वारस नाही!

मध्ययुगीन इंग्लंडमधला माझा सर्वांत आवडता सरदार म्हणजे विल्यम मार्शल.

सन ११५२. राजा स्टीफनने न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. पाच-सहा वर्षांचा विल्यम त्याच्याकडे ओलीस. बापाने शब्द मोडला, तेव्हा राजाने पोराला फाशी देण्याची धमकी दिली. बाप म्हणे उत्तरला, "खुशाल द्या! याहून चांगले मुलगे घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्याकडे आहे." राजाला मात्र पोराची दया आली.

चौथा मुलगा, त्यामुळे वाट्याला जमीन नाही. विल्यमने शस्त्रस्पर्धा जिंकून नाव कमावलं. ११८९ मध्ये आयर्लंड-वेल्समधल्या मोठ्या जहागिरीची वारस इझाबेल द क्लेअर हिच्याशी लग्न झालं. नवरा चाळिशी ओलांडलेला, नवरी जेमतेम सतराची. पुढे तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला. १२१६ मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने राज्यकारभार त्याच्याकडे आला आणि पुढच्याच वर्षी सत्तरीच्या या म्हाताऱ्याने लिंकनची लढाई जिंकली! १२१९ मध्ये तो वारला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याचं दफन झालं.

त्याला पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक जहागिरीवर आले आणि औरस संतती न ठेवता गेले. १२४५ मध्ये शेवटचा ॲन्सेल्म वारला आणि सगळी जहागीर पाच बहिणींच्या वंशांत वाटली गेली.

#इतिहास #मध्ययुग