परदेशाहून परतताना

बंगळूरचा विमानतळ ज्या देवनहळ्ळीच्या शिवारात उभा आहे, ते गाव पूर्वी टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून आणि तेथील रसाळ पपनसांसाठी ओळखले जाई. तेथील किल्ल्यावर मराठी फौजाही चालून गेल्या होत्या. २४ मे २००८ पासून मात्र हे गाव जणू देशाची एक वेसच झाले आहे. परदेशी नोकरीस गेलेले, लेकी-सुनांची बाळंतपणे उरकून परतणारे, सहलीस गेलेले असे अनेक मराठी प्रवासी याच वेशीतून स्वदेशी पाऊल टाकतात.

सामान हाती आले की समोर दोन वाटा दिसतात, एक हिरवी व एक तांबडी. ज्यांच्याजवळ शुल्क भरण्याजोगे काही नाही त्यांनी हिरव्या वाटेने जावे, इतरांनी तांबड्या. येथे एक गोष्ट ध्यानी असू द्यावी. आपण हिरव्या वाटेने निघालात, की तोंडाने एक शब्दही न बोलता आपण शासनापुढे निवेदन केले, असेच धरले जाते. ‘मला कोणी विचारलेच नाही’ ही सबब मग चालत नाही.

आता सवलतीविषयी. २०१६ च्या नियमांनी ती माणशी पन्नास हजार रुपये ठरविली होती. २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ती पंचाहत्तर हजारांवर नेली. वापरातले कपडे व नित्याच्या वस्तू यांत मोजल्या जात नाहीत, आणि अठरा वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप निराळा आणता येतो. परंतु ही सवलत ज्याची त्याची असते. पती-पत्नींनी आपापले पंचाहत्तर हजार एकत्र करून दीड लाखाचा एकच कॅमेरा आणतो म्हटले, तर ते मान्य होत नाही. तान्ह्या बाळाच्या वाट्याला तर त्याची दुपटी-झबलीच येतात! दूरदर्शन संचाची हौसही आवरावी. चपट्या पडद्याचा संच ऑगस्ट २०१३ मध्येच सवलतीतून वगळण्यात आला.

खरी काळजी सोन्याची. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीस चाळीस ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेतीन तोळे, आणि इतरांस वीस ग्रॅम दागिने शुल्कावाचून आणता येतात. पूर्वी या वजनाला किमतीचीही मर्यादा होती. स्त्रियांसाठी ती एक लाख रुपये होती. २०२५ साली दहा ग्रॅमचा भावच लाखावर गेला, तेव्हा ते चाळीस ग्रॅम केवळ कागदावरच राहिले. नव्या नियमांनी किमतीची अट काढली, हे योग्यच झाले. मात्र ही सवलत दागिन्यांचीच आहे, नाण्यांची वा लगडींची नव्हे. आणि आठ दिवस दुबई पाहून येणाऱ्यास ती मुळीच नाही.

मग घरचेच मंगळसूत्र व पाटल्या अंगावर घालून सहलीस जाणाऱ्या भगिनींनी काय करावे? दागिने भारी असतील तर निघण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ते दाखवून निर्यातीचा दाखला घ्यावा. त्यासाठी थोडे आधी पोहोचावे लागेल आणि सराफाची पावती जवळ असलेली बरी. परत येताना त्या दागिन्यांना कोणी नवे म्हणणार नाही. मार्च २०२५ मध्ये याच विमानतळावर एका प्रवासी स्त्रीजवळ चौदा किलोंहून अधिक सोने सापडले. असे प्रकार घडत असता अधिकाऱ्यांनी निरपराध गृहिणीच्याही बांगड्यांकडे निरखून पाहिले, तर त्याचा राग मानून उपयोग नाही.

शुल्क भरण्याइतके पैसे जवळ नसले, तरी घाबरून हिरवी वाट धरू नये. वस्तू लपविल्याचे आढळल्यास ती जप्त होऊ शकते, वर दंडही बसतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ८० व्या कलमाची माहिती फार थोड्यांना असते. खरे निवेदन केलेल्या प्रवाशास आपली वस्तू अधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवण्याची विनंती करता येते आणि पुढे देशाबाहेर जाताना ती परत घेता येते. मुलाबाळांना भेटून पुन्हा परदेशी जाणाऱ्यांस ही सोय विशेष उपयोगी आहे. तिची पावती मात्र पारपत्राबरोबरच ठेवावी, मोठ्या पेटीत नव्हे.