गुलाम कोण आणि धनी कोण?

पंधरा ऑगस्ट, बारा जानेवारीचा हुतात्मा दिन आणि निवडणूक, या तिन्ही प्रसंगी सोलापूर जिल्ह्यात एक शब्द हमखास कानी पडतो: गुलामगिरी. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारालाही तो ऐकावा लागतो. पुढारी सांगतो, आपण गुलाम होतो आणि आपण शृंखला तोडल्या. कामगार टाळ्या वाजवतो. पण हा 'आपण' कोण, आणि गुलामाकडून काम करून घेणारा धनी कोण, हे भाषणात येत नाही. ते का येत नाही, याचा विचार आपण केला पाहिजे.

गुलाम म्हणजे ज्याच्या श्रमावर, देहावर आणि संततीवर दुसऱ्याची मालकी चालते तो माणूस. पराभूत राष्ट्र आणि गुलाम माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पराभूत राष्ट्रातही वतनदार असतात, सावकार असतात आणि त्यांच्या दारात राबणारेही असतात. राजकारणी हा फरक पुसून टाकतात. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या व्यासपीठावरून दीडशे वर्षांची गुलामगिरी सांगितली गेली. जून २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी लोकसभेत बाराशे वर्षांच्या गुलामीच्या मानसिकतेबद्दल बोलले आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावरून त्यांनी गुलामीचा प्रत्येक अंश पुसण्याचा प्रण देशाला दिला. दीडशे म्हटले की धनी इंग्रज ठरतो. बाराशे म्हटले की मुसलमान राजवटीही त्यात येतात. आकडा बदलतो, परंतु देशी धन्याचे पान दोन्ही हिशेबांत कोरेच राहते.

ते पान उघडून पाहू. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांच्या नोंदी आहेत. या स्त्रिया विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, किल्ल्यांवर व सरकारी कोठ्यांत राबवल्या जात. 'बदकर्मा'चा ठपका आलेल्या स्त्रीला सरकारच कुणबीण करीत असे. म्हणजे गुलाम करणारा हात इथल्याच राजसत्तेचा होता. इंग्रजांनाही मुक्तिदात्याचे सोंग घेता येणार नाही. १८३३ च्या गुलामगिरीबंदीच्या कायद्यातून त्यांच्या पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. १८४३ च्या पाचव्या कायद्याने हिंदुस्थानातील कोर्टांनी गुलामावरची मालकी मानणे थांबवले. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरायला १८६० ची दंडसंहिता यावी लागली.

याच पार्श्वभूमीवर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. फुल्यांच्या ग्रंथात धन्याला नाव आहे. आज अकरा एप्रिलला पुतळ्याला हार घालणारे पुढारी ग्रंथाचे नाव घेतात आणि धन्याचे नाव गाळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली. गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे त्याला जगवण्यात धन्याचा स्वार्थ असतो. अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कुणावरच नसते. ही मांडणी गैरसोयीची आहे, म्हणून जयंतीच्या भाषणांत ती क्वचितच ऐकू येते.

आता पुन्हा सोलापुरात येऊ. चिंचोळीच्या कितीतरी आधी या शहरात आणखी एक वसाहत होती. लोक तिला आजही सेटलमेंट म्हणतात. १८७१ साली उत्तरेकडील प्रांतांसाठी झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये विस्तारला आणि मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले. हजेरी सक्तीची होती. परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. इथली माणसे सोलापूरच्या कापडगिरण्यांत राबली, आणि गिरणीमालकांत देशी भांडवलदार होते. या माणसांना मजुरी मिळे, बाजारात त्यांची विक्री होत नसे. म्हणून तिला जुन्या अर्थाने गुलामगिरी म्हणता येणार नाही. पण ज्याला काम नाकारून निघून जाता येत नाही, त्याला स्वतंत्र मजूर तरी कसे म्हणावे?

मे १९३० मध्ये याच सोलापुरावर इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिले. त्यांच्या बलिदानापुढे मान लवलीच पाहिजे. परंतु त्यांच्या नावाने गुलामगिरीवर बोलणारा पुढारी त्याच शहरातल्या कुंपणाबद्दल मौन पाळतो, तेव्हा तो हुतात्म्यांचाही वापर करून घेत असतो.

कायदा मुंबई राज्यात १९४९ ला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' झाल्या. पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. तुरुंगात जातीनुसार कामे वाटण्याचे आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवावे लागले. ही मानसिकता मेकॉलेची एकट्याची नव्हे. कैद्याच्या हाती झाडू द्यायचा की स्वयंपाकाची पळी, हे जातीवरून ठरवणारी बुद्धी इथलीच आहे.

आपल्या बाजूचाही दोष सांगितला पाहिजे. चिंचोळीच्या फाटकासमोर आपलाही एखादा कार्यकर्ता कंत्राटी कामगाराला सरसकट 'गुलाम' म्हणतो. शब्द जोरकस वाटतो, पण त्याने मालकाचे काही बिघडत नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. कर्ज किंवा उचल देऊन माणूस बांधून ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. तेव्हा उचल किती घेतली, मजुरी किती मिळाली, हजेरीपत्रकावर नाव आहे का, काम सोडता येते का, हे आधी विचारावे. उत्तरे मिळाली की योग्य शब्द आणि योग्य कलम आपोआप हाती येते.

पुढच्या सभेत कुणी गुलामगिरीवर बोलू लागला तर शिक्षकाने, विद्यार्थ्याने उभे राहून एवढेच विचारावे: राबले कोण, फळ कुणाला मिळाले, आणि त्या फळावर आज कोण बसला आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या भाषणात नाहीत, त्याच्या भाषणात गुलाम आहे, पण धन्याला त्याने पाठीशी घातले आहे.