आजारपणाची पोच

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४, पुणे

सकाळी ६.१०

फोन उशाशी घेऊन झोपू नका, असं अशिलांना बजावणाऱ्या माझा स्वतःचा फोन उशाशीच असतो. रात्री २.४७ चा मेसेज: ‘मॅडम, राजीनामा टाइप करून ठेवलाय. पाठवू का?’ त्याखाली २.५९ ला नुसतं ‘सॉरी’. हिंजवडीतली टीम लीड, डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू, रजेवर जाऊन पाच आठवडे झालेत.

कामगारांच्या बाजूनं बावीस वर्षं वकिली केल्यावर माझं एक मत झालंय. ताणामुळे रजेवर गेलेल्या माणसाची नोकरी कंपनी जितक्या वेळा काढून घेते, त्याहून जास्त वेळा तो स्वतःच देऊन मोकळा होतो, आणि तेही रात्री दोन ते चारच्या सुमारास. आकडेवारी विचाराल तर नाही, माझ्या कपाटातल्या फायली आहेत. काढून टाकलेल्या माणसासाठी भांडायला मला चार कलमं तरी सापडतात. राजीनामा दिलेल्यासाठी आधी तो राजीनामाच खोडून काढावा लागतो.

उत्तर टाकलं: ‘काही पाठवू नका. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात या. आईंना सोबत आणा.’

७.३०

श्रावणातला पहिला मंगळवार. वरच्या मजल्यावर मंगळागौर आहे, पत्रीसाठी सोसायटीतली झाडं पहाटेच ओरबाडून झालीत. चहा, पोळी, डबा.

९.००

नदीकाठच्या रस्त्यावर पंचवीस जुलैच्या पुराचा गाळ अजून कडेला पडलाय, स्कूटर जपून काढावी लागते. ऑफिसात आल्या आल्या भोसरीच्या ऑपरेटरची फाइल काढली, आज त्याच्या अंतरिम अर्जावर युक्तिवाद आहे.

माणूस पॉवर प्रेसवर चौदा वर्षं. या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायखाली राहत नाहीत. शेजारच्या मशीनवर एकाची दोन बोटं गेली. त्यानंतर टार्गेट वाढलं, रात्रपाळ्या लागोपाठ आल्या, आणि एका रात्री याचे हात बटणांकडे जाईचनात. सुपरवायझरला वाटलं नाटक करतोय. तो म्हणतो, “हात माझेच होते, पण ऐकत नव्हते.”

पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू. ही त्याची जमेची बाजू. आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के दरानं. आणि १९४८ च्या त्या कायद्यातलं कलम ७३: कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढता येत नाही, शिक्षा करता येत नाही, त्या काळात दिलेली नोटीसही निरर्थक. वाचताना छाती फुगते. मात्र हे कवच सर्टिफिकेटच्या तारखांपुरतंच आहे. पहिलं सर्टिफिकेट, मग मधली, मग शेवटचं फिटनेसचं, सगळी ओळीनं लागतात. मध्ये फट पडली की त्या फटीतले दिवस गैरहजेरीचे.

याच्या फाइलीत अकरा दिवसांची फट आहे. का, तर त्या अकरा दिवसांत त्याला अंथरुणातून उठवलं नाही. ज्या आजारात माणूस दाढी करायला उठत नाही, त्याच आजारात दवाखान्याच्या रांगेत उभं राहून कागद आणायची शिस्त कायदा त्याच्याकडून मागतो. तिसरं सर्टिफिकेट सुरू झाल्यावर कंपनीनं ‘स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे आठ दिवसांहून अधिक विनापरवाना गैरहजर’ म्हणून त्याचं नाव पटावरून कमी केलं. पत्र गेलं पाटण तालुक्यातल्या गावच्या पत्त्यावर, जिथं त्याची म्हातारी आई असते आणि तिला वाचता येत नाही. अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते. तो माझ्याकडे आला चौऱ्याऐंशीव्या दिवशी.

११.४०

बोर्डावर आमचं मॅटर चौदावं. पुकारा होईपर्यंत तो व्हरांड्यात उभा, बायको शेजारी, तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सगळे केसपेपर. त्याला म्हटलं बसा, तर म्हणाला, “बसलं की आवळल्यासारखं होतं.”

कंपनीच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे १९६३ चा निकाल काढला, बकिंगहॅम अँड कर्नाटिक विरुद्ध व्यंकटय्या. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. साताऱ्याचा माणूस आणि कामगार कायद्यात एवढं मोठं नाव, तरी हा निकाल आमच्या बाजूला बोचतो. त्याचा मथितार्थ असा की कलम ७३ शिक्षेला आडवं येतं. गैरहजेरीमुळे स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे आपोआप सुटलेल्या नोकरीला ते लागू पडत नाही. विरोधी वकील ‘आपोआप’ हा शब्द इतक्या मायेनं उच्चारतात की वाटावं नोकरी म्हणजे पिकलेला आंबा आहे.

माझ्याकडे १९९३ चा निकाल, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. त्यातही आठच दिवसांचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा नियम असला तरी चौकशी न करता, कामगाराचं म्हणणं न ऐकता त्याला काढणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. त्या कामगाराला पन्नास टक्के मागच्या पगारासह परत घेतलं गेलं. मी म्हटलं, नोकरी आपोआप सुटत नाही, कुणीतरी रजिस्टरवर रेघ मारतं, आणि ती मारण्याआधी माणसाला विचारायचं असतं.

न्यायाधीशांनी एकच प्रश्न केला, “त्या अकरा दिवसांचं काय?”

पिशवी उघडली. अकरापैकी तिसऱ्या दिवशी बायकोनं सुपरवायझरला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, ‘साहेब ह्यांना बरं नाही दवाखान्यात नेते’, खाली दोन निळ्या टिका. त्याची प्रिंट आधीच दाखल होती, मी ती पुन्हा वर धरली. विरोधी वकील म्हणाले, हा अर्ज नव्हे. नाहीच तो अर्ज. पण कामगार कुठं आहे हे कंपनीला ठाऊक नव्हतं, या म्हणण्याला आता काही अर्थ उरला नव्हता. आदेशासाठी २० ऑगस्ट.

१.३०

कँटीनला साबुदाणा वडा. विरोधी वकील माझ्याच टेबलावर येऊन बसले. पंचवीस वर्षांची ओळख, कोर्टाबाहेर आम्ही भांडत नाही. म्हणाले, “ताई, क्लायंटला मी आधीच सांगितलं होतं, गैरहजेरी कशाला, सरळ प्रकृतीचं कारण लावा.” अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीची जी व्याख्या आहे, तिच्यातून ‘सततच्या अनारोग्यामुळे’ केलेली सेवासमाप्ती वगळलेली आहे. म्हणजे वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची कपातीची भरपाईसुद्धा नाही. नोकरीची हमी शोधत कायदा वाचणाऱ्याला हे कलम मी शेवटी दाखवते. पण ‘सतत’ म्हणजे किती, हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि दोन महिन्यांच्या आजाराला सतत म्हणायला मी त्यांना देणार नाही. तसं सांगितलं. त्यांनी माझ्या वड्याचेही पैसे दिले.

२.५०

साताऱ्याकडून फोन, जिल्हा परिषदेतले कनिष्ठ सहायक. तीन महिने झोप नाही, साहेब म्हणतात विभागीय चौकशी लावतो. सरकारी नोकरीतला माणूस असला की माझा आवाज आपोआप हलका होतो. त्यांच्याकडे वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा साठते, वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. शिवाय आजार अपंगत्वाच्या व्याख्येत बसण्याइतका गंभीर असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) आहे: सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीआरपीएफमधल्या अधिकाऱ्याच्या, रविंदर कुमार धारीवाल यांच्या, प्रकरणात आणखी पुढं जाऊन म्हटलं की मानसिक अपंगत्व असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. हे सगळं सांगितलं आणि विचारलं, “डॉक्टरांकडे गेलात का?” “अजून नाही.” मग आधी ते करा. दाखल्याशिवाय मी काहीच करू शकत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. तो माझ्या टेबलाच्या काचेखालीच असतो.

४.१५

पोस्ट ऑफिस. तीन रजिस्टर एडी. काउंटरवरची मुलगी आता माझी पाकिटं न बघता वजनकाट्यावर टाकते. पावतीवरची शाई उन्हानं उडते, म्हणून शेजारच्या दुकानात लगेच झेरॉक्स. एका अशिलाची पावती तीन वर्षांनी साक्षीच्या दिवशी कोरी करकरीत निघाली होती, तेव्हापासूनची ही सवय.

६.३०

ती आली, आई सोबत. डोळ्यांखाली काळं, केस मात्र नीट विंचरलेले. आईनं विंचरले असणार.

“एचआर रोज फोन करते. गोडच बोलते. म्हणते, नेमकं काय झालंय ते सांग, म्हणजे मदत करता येईल. काल म्हणाली, तुला क्लीन ब्रेक घ्यायचा असेल तर रिलीव्हिंग लेटर लगेच देऊ.”

खरं ते तिला सांगितलं. पगारामुळे ईएसआय नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ दिवस किरकोळ रजा आहे, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा आहे, ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात नाही. ती कंपनीच्या पॉलिसीत असेल तेवढीच. तिची दहा दिवसांची संपली, आता अर्जित चालू आहे, पुढं बिनपगारी. टीम लीड कायद्यानं ‘कामगार’ ठरते का, हे हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. ती दिवसभर कोडच लिहिते, म्हणून वाद घालता येईल, पण त्याला वर्षं लागतील.

“मग माझ्याकडे आहे काय?”

“अपॉइंटमेंट लेटर, रजेची पॉलिसी आणि तुम्ही पाठवाल ते मेल.” आजाराचं निदान एचआरला सांगायची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार डॉक्टरही तुमच्या संमतीशिवाय ते कंपनीला सांगू शकत नाहीत. ‘माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक’ एवढं सर्टिफिकेट पुरतं. आणि आज राजीनामा दिलात, तर ज्या ग्रुप मेडिक्लेमच्या भरवशावर आहात, तो नोकरीबरोबर जाईल.

मेडिक्लेमचं ऐकून आई पहिल्यांदा बोलल्या. “हे मला ठाऊकच नव्हतं.”

मेल लिहायला घेतला, तिच्या स्वतःच्या मेलवरून; कंपनीचा लॉगिन उद्या बंद झाला तर पाठवलेलंही हाती राहत नाही. उपचार चालू आहेत. सर्टिफिकेट सोबत. रजा २१ ऑगस्टपर्यंत वाढवावी. पुढचं बोलणं मेलवर व्हावं. इथवर सरळ. मग मी लिहिलं, ‘बरी होताच कामावर रुजू होण्याची माझी इच्छा आहे.’

तिनं हात थांबवला. “हे खोटं आहे. मला परत जायचंय की नाही, मलाच माहीत नाही.”

वाक्य हवंच होतं. नोकरी सोडून गेली असं उद्या कंपनी म्हणाली, तर प्रश्न इराद्याचा येतो, आणि इरादा लिहिलेला असावा लागतो. पण तिच्या सहीखाली खोटं वाक्य मलाही नको होतं. चार-पाच वाक्यं लिहिली, खोडली. आई पदरानं चष्मा पुसत बसल्या. शेवटी मी विचारलं, “नोकरी सोडायची असं आज ठरलंय का?”

“आज नाही.”

मग तेवढंच लिहिलं: ‘नोकरी सोडण्याचा माझा इरादा नाही.’ तिनं दोनदा वाचलं, ‘सेंड’वर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. गेला.

८.२०

त्या निघताना आईंनी दारात विचारलं, “तो राजीनामा लिहून ठेवलाय, तो पुसायला सांगा ना हिला.” ती चपला घालत होती, काही बोलली नाही.

मी म्हटलं, राहू दे. रात्री फोन मात्र तुमच्या खोलीत ठेवा.

सर्टिफिकेट २१ ला संपतंय. डायरीत १९ ऑगस्टला लिहायला गेले, तर ती म्हणाली, “त्या दिवशी राखी आहे, डॉक्टर नसतील.” खोडून १७ ला लिहिलं: हिंजवडी, सर्टिफिकेट. खाली २० ला आधीच लिहिलेलं होतं: भोसरी, आदेश, बायकोला पिशवी आणायला सांगणे.