चिकपेटेतील नवे बिऱ्हाड

नोकरी वा व्यापारानिमित्त महाराष्ट्रातून बंगळूरला आलेल्या कुटुंबाला प्रथम अडते ते लहानसहान गोष्टींपाशी. डाळीला काय म्हणावे, घरमालकाशी काय ठरवावे, मुलांच्या शाळेचे कसे करावे? मिळवते माणूस कचेरीत दिवस काढते. परक्या गावाशी खरी गाठ पडते ती घर सांभाळणाऱ्याची. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही त्याला दुसऱ्याच्या सोबतीची वाट पाहावी लागली, तर ते बिऱ्हाड वर्षानुवर्षे पाहुण्यासारखेच राहते.

यावर पहिला उपाय भाषेचा. आणि तिचा श्रीगणेशा करण्यास चिकपेटेसारखी जागा नाही. केंपेगौडांनी १५३७ साली वसविलेल्या जुन्या पेठेचा हा भाग रेशमी साड्या व कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. येथील नावेच भाषा शिकवितात. ‘चिक्क’ म्हणजे लहान, ‘दोड्ड’ म्हणजे मोठा. आजच्या अव्हेन्यू रोडचे जुने नाव दोड्डपेट. ‘अक्की’ म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेट. ‘बळे’ म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेट. ‘तुप्प’ म्हणजे तूप, हे तर सांगावयासही नको. ‘एष्टु?’ (किती?), ‘बेकु’ (हवे) आणि ‘बेडा’ (नको) एवढ्या तीन शब्दांवर पहिल्या आठवड्याचा बाजार निभावतो. दुकानदाराला ‘अण्णा’ म्हणावे. हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच गोड.

आपली भाषा हरवेल, ही भीती नको. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे या गावाशी मराठीचा संबंध जुनाच आहे. रंगकाम व शिवणकामाची परंपरा असलेल्या भावसार आणि नामदेव शिंपी समाजांची कुटुंबे कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. दुकानात कन्नड व घरात मराठी, असा त्यांचा संसार दोन्ही भाषांनी समृद्ध केला आहे.

घर घेताना मात्र गोड शब्दांबरोबर लेखी करारही हवा. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची येथे जुनी चाल आहे. ती रक्कम कमी करण्याविषयी बोलण्यात संकोच धरू नये. घर सोडताना रंगकामासाठी किती रक्कम कापली जाईल, हेही करारात नोंदवावे. नळाला कावेरीचे पाणी येते की कूपनलिकेचे, आणि किती दिवसांनी, हे आधीच विचारावे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणावे लागते.

महाराष्ट्रात नोंदलेले वाहन येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र निघतानाच मागून घ्यावे. मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा; नाहीतर निवडणुकीच्या दिवशी आपण दोन्ही गावांना परके ठरतो. मुलांच्या बाबतीत, २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकणे आवश्यक केले आहे. प्रवेशापूर्वीच अक्षरओळख करून दिली, तर वर्गात मूल गोंधळत नाही.

एखाद्या सकाळी त्या मुलाचे बोट धरून चिकपेटेत जावे. दुकानांवरच्या पाट्या ते अडखळत वाचू लागेल. त्याच्यामागून आईवडिलांनी व आजीनेही तो शब्द म्हणून पाहावा. लेकराकडून शिकण्यात कमीपणा कसला?