शिकारी पक्ष्यांची शुश्रूषा

या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला, तेव्हा आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, "चिमण्या-कबुतरांची सेवा करता हे समजू शकते, पण घारी-घुबडांची? हे म्हणजे दरोडेखोराला औषधपाणी करून पुन्हा दरोड्याला धाडण्यासारखेच की!" प्रश्न थट्टेचा होता, पण आमच्या कामाची याहून नेमकी व्याख्या आम्हांलाही करता आली नसती. शिकारी पक्षी बरा करायचा म्हणजे तो पुन्हा शिकार करील असा करायचा. जखम भरून आली, पक्षी खाऊ लागला, दांडीवर नीट बसू लागला, म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे पुष्कळदा पक्षी आमच्या हाती येण्यापूर्वीच बिघडलेले असते, आणि तेही दुष्टांच्या नव्हे, अगदी सज्जन माणसांच्या हातून. आजचे बोलणे मुख्यतः या बिघाडाविषयी आहे.

शिकारी पक्षी पाहायला हिमालयात जावे लागत नाही. मासळीबाजारावर घिरट्या घालणारी घार, गावाबाहेर तारेवर बसणारी, पांढरट अंगाची नि लाल डोळ्यांची कापशी, आंब्यावरून सरड्यावर झेप घेणारा शिक्रा, जुन्या वाड्याच्या माळवदाखाली राहणारे गव्हाणी घुबड आणि तिन्हीसांजेला कलकलाट करणारा पिंगळा हे सगळे आपले शेजारीच आहेत. आमच्याकडे येणारे रुग्णही बहुतेक यांच्यातलेच.

घारींची खरी साथ येते ती संक्रांतीच्या सुमारास. पतंग उडवण्याचा सोस आम्हीही लहानपणी मनसोक्त केला आहे, आणि येवल्या-नागपूरकडच्या मंडळींसमोर पतंगाविरुद्ध बोलण्याची आमची छाती नाही. तक्रार आहे ती मांज्याची. घार सरळ पुढे झेपावते, आणि हवेत ताणलेला दोरा तिच्या पंखाच्या पुढच्या कडेवर येतो. या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा असतो आणि त्याच्या काठाने एक स्नायुरज्जू जातो. छत्रीची काडी तुटली म्हणजे कापड शाबूत असूनही छत्री उघडत नाही. तसेच हा रज्जू तुटला की हाडे धड असूनही पंख पुरता पसरत नाही. सुती दोरा निदान ताणाने तुटतो, उन्हापावसाने कुजतो. नायलॉनचा मांजा तुटत नाही आणि कुजतही नाही. तो झाडांवर लोंबत राहतो, आणि संक्रांत संपून कितीतरी महिने लोटल्यावरही त्यात पक्षी अडकतात. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. बंदी कागदावर आहे. मांजा मात्र दरवर्षी आमच्या टेबलावर घारीच्या पंखातून निघतो.

आता अशी घार आपल्या अंगणात पडली आहे असे समजा. माणूस पहिल्या प्रथम काय करतो? तिच्या चोचीत पाणी ओततो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. मूर्च्छित पक्ष्याच्या तोंडात ओतलेले पाणी पोटात न जाता तेथून आत उतरते, आणि मांज्यातून वाचलेली घार पेलाभर पाण्याने गुदमरते. पंखाच्या मुळाकडचे मोठे हाड तर पोकळ असून शरीरातील वायुकोशांना जोडलेले असते; ते मोडून उघडे पडले असता जखम धुण्यासाठी धार धरली, तर तेच पाणी श्वसनमार्गात शिरू शकते. दुसरे, लोक दूध पाजतात. हे तर आपल्या संस्कृतीचेच औषध! पण आईचे दूध पिऊन वाढणाऱ्यांतला हा प्राणी नव्हे. दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. तिसरे, उपाशी दिसते म्हणून पोटभर मांस घालतात. फार दिवस उपाशी राहिलेल्या पक्ष्याला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातले क्षार बिघडून तो मरू शकतो. आधी शरीरातले पाणी भरून काढायचे आणि मग थोडेथोडे अन्न द्यायचे, असा क्रम असतो; तो पशुवैद्यावर सोपवावा.

मग आपण करावे काय? पुठ्ठ्याचा एक खोका घ्यावा, त्याला हवेसाठी भोके पाडावीत आणि तळाशी जुने फडके घालावे. पक्ष्यावर टॉवेल टाकून, पायांच्या नख्या सांभाळून, त्याला उचलून आत ठेवावे. त्याचे हत्यार चोच नसून नख्या आहेत. झाकण लावून खोका शांत जागी ठेवावा आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. अंधार हेच पहिले औषध. पिंजऱ्यात ठेवून शेजारच्या मुलांना दाखवायला बोलावू नये. तारेच्या पिंजऱ्यात धडपडून मोडलेली पिसे पुढच्या पिसेगळतीपर्यंत नवी येत नाहीत, आणि पिसांवाचून पक्षी महिनोन्महिने अडकून पडतो.

इस्पितळातले काम आम्ही थोडक्यात सांगतो. आम्ही स्वतः वैद्य नव्हे. पशुवैद्यांच्या हाताखाली झाडलोट करण्यापासून पक्षी उडवून पाहण्यापर्यंत पडेल ते काम करणारी माणसे आहोत. शस्त्रक्रिया होते, पंख बांधला जातो. पण पट्टी फार दिवस ठेवली तर सांधा आखडतो, म्हणून भूल देऊन पंख हलक्या हाताने ताणावा लागतो. बसायची दांडी कठीण व गुळगुळीत असली की तळपायाला सूज येऊन पू होतो. हा रोग बंदिवासाचाच. नुसत्या मऊ मांसावर वाढलेल्या पिलाची हाडे चुन्याअभावी वाकतात. त्याला हाडांसह अख्खे भक्ष्य हवे. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देते. अशी गोळी सापडली की आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे खुलतात. घरच्या सुनेला कदाचित हा आनंद समजावून सांगता येणार नाही.

पिसे मोडलेली असली तर पूर्वी गळालेले, त्याच जातीचे व त्याच जागेचे पीस घेऊन बारीक काडीच्या आधाराने मोडक्या खुंटात बसवता येते. ही युक्ती ससाणे पाळणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. आपल्याकडेही कूर्माचलाचा राजा रुद्रदेव याने 'श्यैनिकशास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. १९१० साली तो कलकत्त्यास हरप्रसाद शास्त्री यांनी छापून प्रसिद्ध केला. त्यात शिकारीच्या गमतीबरोबर श्येन पक्ष्यांची निगा व उपचार हेही विषय आहेत. शेवटी पायाला लांब दोरी बांधून पक्ष्याला मोकळ्या मैदानात उडवतात, रोज थोडे अधिक. दहा हात उडून धापा टाकणारा पक्षी सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे होय.

हे सारे जमले तरी एक गोष्ट उरते, आणि ती शिकण्यासाठी आम्ही एका पक्ष्याचा जीव घेतला आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, वादळात पडलेले शिक्र्याचे एक पिलू आमच्याकडे आले. आम्ही नवखे होतो, हौशी होतो. त्याला हाताने भरवले, नाव ठेवले, खांद्यावर बसवून फिरवले. ते सुरेख वाढले, सुरेख उडू लागले, आणि एके दिवशी आम्ही त्याला गावाबाहेर सोडून मोठ्या समाधानाने घरी आलो. तिसऱ्या दिवशी भुकेने व्याकूळ होऊन ते एका घराच्या ओसरीवर उतरले, आणि ओरडत तेथल्या गृहस्थांच्या डोक्यावर बसू लागले. ते घाबरले आणि त्यांनी हातातली छत्री मारली. त्यांचा काय दोष? डोक्यावर नख्या रोवणाऱ्या पक्ष्याला जो तो असेच करील. पिलाला पंख होते, नख्या होत्या, नजर होती. आपण शिक्रा आहोत एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते. अन्न माणसापाशी मिळते, हे मात्र आम्ही शिकवले होते.

पिलू डोळे उघडून ज्याला पाहते आणि ज्याच्याकडून खाते, त्यालाच ते आपले मानते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे मोठे गिधाड, ज्याला तिकडे कोंडोर म्हणतात, १९८७ साली अवघे २७ उरले आणि सगळेच बंदिवासात होते. त्यांची पिले वाढवताना माणसांनी हातात कोंडोरच्या डोक्याचे बाहुले घातले आणि आडून भरवले, ते एवढ्याचसाठी. १९९२ पासून ते पक्षी पुन्हा आकाशात सोडले जाऊ लागले. आमच्याकडे तेवढी सामग्री कोठली! पण पिलासमोर बोलायचे नाही, चेहऱ्यावर फडके घ्यायचे, आणि शक्य तर त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याशेजारी त्याला ठेवायचे, एवढे नियम आम्ही पाळतो. त्याहून उत्तम म्हणजे पिलू आणूच नये. उडायला शिकणारी पिले खाली पडतातच. आईबाप जवळपास असतात. जखम नसेल तर त्याला उचलून घरट्यात किंवा उंच फांदीवर ठेवावे. माणसाच्या स्पर्शाने आईबाप पिलाला टाकतात ही समजूत खोटी आहे. आवडले म्हणून घरी ठेवण्याला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच मनाई केली आहे.

काही पक्षी कधीच सोडण्याजोगे होत नाहीत. परदेशांत अशांना शिक्षकाचे काम देतात. मिनेसोटा विद्यापीठातले शिकारी पक्ष्यांचे केंद्र १९७४ पासून उपचार व लोकशिक्षण ही दोन्ही कामे एकत्र करीत आले आहे. आपल्याकडे या शिक्षणाची गरज सर्वांत जास्त घुबडाला आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजायचे, आणि छपरावर बसले तर अपशकुन म्हणून दगड मारायचा! पहाटे कुडमुडे वाजवीत येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा समजते असे सांगून आपले भविष्य सांगत असे; पक्ष्याचे भविष्य मात्र कोणी विचारले नाही. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका पातळीत नसतात. एक किंचित वर, एक खाली. त्यामुळे मिट्ट काळोखात उंदराची खसफस नेमकी कोठून आली ते त्याला कळते. ज्याच्या कणगीला उंदीर लागले आहेत त्याने हा अपशकुन मुद्दाम बोलावून आणावा. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावी २०१८ साली घुबडांचा उत्सव भरला, हे वाचून आम्हांला फार बरे वाटले.

कारण इस्पितळाचे हात आखूड असतात, हे आम्ही जवळून पाहतो. गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक नाहीशी झाली, आणि एकही इस्पितळ काही करू शकले नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तेथे उपचार करायचा होता तो गोठ्यात आणि औषधाच्या दुकानात. उलट नागालँडमधील पांगती गाव पाहा. आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे तेथल्या दोयांग जलाशयापाशी उतरतात. २०१२ साली ते जाळ्यांत हजारोंनी मारले गेले. २०१३ साली गावकऱ्यांनीच जाळी लावणे थांबवले आणि एकही ससाणा मारला गेला नाही. इतके पक्षी वाचवणे आमच्यासारख्यांना सात जन्मांत साधले नसते.

गेल्या महिन्यात आम्ही एक गव्हाणी घुबड सोडले. मांज्यात सापडले होते; ज्या मुलाने ते खोक्यात घालून आणले त्याने पाणीही पाजले नव्हते नि शेजाऱ्यांनाही दाखवले नव्हते. सात आठवड्यांनी, जेथे सापडले त्याच वाड्याच्या परसात, दिवेलागणीनंतर खोका उघडला. मुलाला टाळ्या वाजवायच्या होत्या. आम्ही बोट ओठांवर ठेवले. घुबड थोडा वेळ आतच बसून राहिले. मग कसलाही आवाज न करता ते भिंतीवरून पलीकडे गेले, आणि मुलाने विचारले, "ते आता परत येणार नाही ना?" आम्ही म्हटले, "नाही आले तर बरे."