पर्यटन व्यवसायातील कर्मचारी-प्रशिक्षण
पर्यटकांचा प्रवास, निवास, भोजन, स्थलदर्शन व सुरक्षितता यांच्याशी निगडित कामे करणाऱ्या व्यक्तींना त्या कामांचे ज्ञान, कौशल्य व शिष्टाचार पद्धतशीरपणे देणे, म्हणजे पर्यटन व्यवसायातील कर्मचारी-प्रशिक्षण होय. कारखान्यातील सदोष माल बाजारात जाण्यापूर्वी बाजूला काढता येतो. पर्यटनसेवा मात्र ज्या क्षणी दिली जाते, त्याच क्षणी उपभोगली जाते. त्यामुळे अननुभवी सेवकाची चूक थेट पर्यटकाच्या वाट्याला येते. शिवाय भांडवल असल्यास हॉटेलची इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. तिच्यातील प्रमुख आचारी तयार होण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. वाढत्या पर्यटनात कुशल सेवकांची चणचण भासते, तिचे मूळ या तफावतीत आहे.

या क्षेत्रातील औपचारिक शिक्षणाचा आरंभ हॉटेल व्यवसायापासून झाला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ मध्ये हॉटेल विद्यालय निघाले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हा विषय सुरू केला. भारतात लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ साली मुंबईत खानपानविद्येची संस्था स्थापन केली. तिच्या नावात ‘उपयोजित पोषण’ हे शब्द आहेत, ते या मूळ प्रेरणेचे द्योतक होत. पुढे अशा संस्थांच्या समन्वयासाठी राष्ट्रीय परिषद (१९८२) आणि प्रवास-व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था (१९८३) स्थापन झाली. दुसऱ्या संस्थेचे मुख्य केंद्र आता ग्वाल्हेर येथे आहे.

हॉटेलच्या मानाने मार्गदर्शकाचे शिक्षण उपेक्षित राहिले. संरक्षित स्मारकांत मोबदला घेऊन पर्यटकांना फिरविण्यास १९५९ च्या नियमांनुसार पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. पण परवाना म्हणजे विद्वत्ता नव्हे. अजिंठ्याचे उदाहरण घेतल्यास, तेथील मार्गदर्शकास जातककथा, चित्रांचे तंत्र व बौद्ध संप्रदायांचा इतिहास ज्ञात असावा लागतो, शिवाय एखादी परभाषाही चांगली यावी लागते. एवढे असूनही अंधाऱ्या लेण्यात घोळक्याला कोठे थांबवावे, भिंतीला हात लागू न देता किती वेळात बाहेर काढावे, हे पुस्तकातून कळत नाही. ते जाणत्या मार्गदर्शकाबरोबर हिंडूनच अंगवळणी पडते. चित्रांचे रक्षण काही अंशी त्याच्याच हाती असते. केवळ भाषा येते म्हणून निवडलेला मार्गदर्शक दंतकथांवर वेळ मारून नेतो, तर स्थळाची बारीकसारीक माहिती असलेला स्थानिक तरुण परभाषेअभावी बाहेर राहतो. वास्तविक या दुसऱ्यास भाषा शिकविणे अधिक सोपे असते.

साहसी पर्यटनात प्रशिक्षणाची उणीव जिवावर बेतते. या शाखेचा पाया दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत (१९५४) तेनसिंग नोर्गे यांच्या देखरेखीखाली घातला गेला. जलक्रीडांसाठी गोव्यात राष्ट्रीय संस्था आहे.

शिकविलेले कर्मचारी टिकविणे, ही त्याहून अवघड बाब होय. किनाऱ्यावरील जलक्रीडा पावसाळ्यात बंद राहतात आणि हंगामी वेतनावर वर्ष काढावे लागते; साहजिकच निष्णात माणूस जहाजावरची वा आखाती देशांतील नोकरी पतकरतो. २०२० च्या महासाथीत पर्यटन ठप्प झाल्यावर अनेकांनी हा व्यवसायच सोडला व त्यांच्यासह वर्षानुवर्षांचा अनुभवही गेला. अल्पशिक्षित तरुणांसाठी केंद्र शासनाने २००९-१० मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ ही अल्पमुदतीची योजना सुरू केली. काही आठवड्यांत वाढपाचे काम शिकता येते. त्यापुढील बढतीची वाट मात्र मालकाच्या मर्जीवर राहते.

घरगुती निवासव्यवस्थेची गरज वेगळी असते. कोकणातील गृहिणीस मोदक किंवा घावन शिकविण्याचे कारण नसते; पिण्याच्या पाण्याची शुद्धता, स्वच्छतागृहाची निगा, आगाऊ आरक्षणाची नोंद व खर्चावरून दर ठरविणे एवढे तिला हवे असते, आणि तेही तिच्या गावातच, हंगाम सुरू होण्यापूर्वी.